विंडोज ११ नं नाकारलेल्या पीसीवर लिनक्स: बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या कामांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्या दिवशी कुणाचाही पीसी बंद पडला नाही, म्हणून पुष्कळांना ते कळलंही नाही. सुरक्षेचे अपडेट मात्र थांबले. घरगुती वापराच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टनं नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ ठेवली, पण ती तात्पुरतीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट असलेलं यूईएफआय (मशीन सुरू करणारं नव्या पद्धतीचं सॉफ्टवेअर), ४ जीबी रॅम आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप लागते. सीमाभागातल्या मराठी शाळांच्या संगणक खोलीत, पतसंस्थेच्या काउंटरवर, झेरॉक्सच्या दुकानात जी मशीन आहेत, त्यांतली कितीतरी दुसऱ्या ते सातव्या पिढीची आहेत. यंत्र धडधाकट आहे, फक्त मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही.

अशा पीसीवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) घालायचं कसं, ते इथे क्रमानं सांगतो. पण हे कुठेही न वाचता इन्स्टॉल करणारी कॉलेजची पोरं गल्लोगल्ली आहेत, आणि अर्ध्या तासात ती करूनही देतात. घोटाळा पुढच्या आठवड्यात होतो. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला पाठवायचं पत्र कन्नडमध्ये टाइप करायचं असतं आणि कीबोर्ड सापडत नाही, किंवा प्रिंटर ओळखलाच जात नाही. म्हणून आधी काम तपासा, मशीन नंतर.

कुणी हे करू नये

लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं काम कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर चालत असेल तर त्या मशीनला हात लावू नका. टॅलीवर हिशेब असतील तरीही तेच. वाइन नावाच्या थरावर विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्समध्ये चालतात हे खरं आहे, पण व्यापाऱ्याच्या मार्चएंडची भिस्त त्यावर ठेवणं मला पटत नाही. अंगठ्याचा ठसा घेणारी यंत्रं, डिजिटल सहीचं टोकन, जुन्या सीसीटीव्हीचं सॉफ्टवेअर यांचं विंडोजशी लग्न लागलेलं असतं. ग्रामवन किंवा तसलं सेवा केंद्र चालवणाऱ्यानं आपल्या यंत्राच्या कंपनीकडे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अशांसाठी दोन वाटा आहेत. डीटीपीचं (पत्रिका-फ्लेक्सचं) मशीन इंटरनेटपासून तोडून विंडोज १० वरच ठेवायचं आणि मेल, वेबसाइटसाठी दुसरं लिनक्सचं मशीन वापरायचं. किंवा कंपन्यांतून निघालेला आठव्या पिढीचा जुना पीसी घ्यायचा.

रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून विंडोज ११ ची तपासणी चुकवता येते, हे दुकानदार सांगतीलच. येतेही. पण अशा मशीनना अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती बहुधा स्वतःच्या हातानं चढवावी लागते. २४एच२ या आवृत्तीपासून तर चिपमध्ये पॉपकाउंट नावाची आज्ञा नसेल तर विंडोज सुरूच होत नाही. म्हणजे कोअर टू ड्युओ या जुन्या चिपवाल्यांचा तो रस्ता बंद झाला.

उरले कोण? शाळा, घरी अभ्यास करणारी मुलं, पत्रव्यवहार करणारी मंडळं, ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये चालतं अशी ऑफिसं. शाळांचं एसएटीएस आणि यूडायस, जमिनीचा आरटीसी उतारा हे सगळं वेबसाइटवर आहे. तिथे लिनक्स बिनधास्त चालतं.

मशीन कोणत्या पंक्तीत बसतं ते बघा

विंडोज चालू असतानाच 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडा. चिपच्या नावात आय३ किंवा आय५ नंतरचा आकडा पिढी सांगतो: ४४६० म्हणजे चौथी, ७४०० म्हणजे सातवी, १०४०० म्हणजे दहावी. त्याच खिडकीत 'बायोस मोड' लेगसी (जुन्या पद्धतीचा) आहे की यूईएफआय, तेही लिहून घ्या.

दुसरी पिढी किंवा पुढची, ४ जीबी किंवा जास्त रॅम: लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकार, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. ८ जीबी असेल तर सिनॅमन आवृत्तीही चालेल, दिसायला ती विंडोजच्या जास्त जवळची. मिंट २२ ची मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर बेतलेली आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

कोअर टू ड्युओ आणि २ जीबी रॅम: मिंट एक्सएफसीई चढतं, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की मशीन दम खातं. अशा वेळी एमएक्स लिनक्स किंवा अँटीएक्स हे लिनक्सचे दुसरे प्रकार घ्या. अपेक्षा मात्र टायपिंग आणि प्रिंटपुरतीच ठेवा.

पेंटियम ४ किंवा २००८ च्या सुमाराची ॲटम एन२७० वाली छोटी लॅपटॉप: यांतली बरीच ३२-बिट आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सनं ३२-बिट मशीनसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं, बाकीचेही त्याच वाटेवर आहेत. यांच्यासाठी वेळ घालवू नका.

खर्च करायचाच तर आधी एसएसडीवर करा. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी बसवली की चौथ्या पिढीचा पीसी नवा वाटायला लागतो. त्यानंतर रॅम. आणि कॅबिनेट उघडलंच आहे तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बदलून टाका. ती मेली की मशीनची तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते, आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटला 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो. लोक त्यासाठी लिनक्सला शिव्या घालतात. खानापूरकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर मशीन बीप मारत बसलं तर रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसायचा जुना उपाय अजूनही चालतो.

बॅकअप, आणि फॉन्टही

डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स हे सगळे कॉपी करतात. विसरतात ते फॉन्ट. तुमच्या जुन्या फायली श्रीलिपी, आयएसएम किंवा जुन्या नुडीच्या (कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या) फॉन्टमध्ये असतील तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट वेगळे काढून ठेवा. ब्राउझरमधले पासवर्डही निर्यात करून घ्या.

एसएसडी नवी घेणार असाल तर सगळ्यात सुरक्षित मार्ग सोपा आहे: जुनी डिस्क काढा, तिच्यावर तारीख लिहा, कपाटात ठेवा. नव्या डिस्कवर लिनक्स घाला. नाही जमलं तर जुनी परत लावली की विंडोज जसंच्या तसं. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवण्याच्या कसरतीपेक्षा हे मला कधीही बरं वाटतं.

पेनड्राइव्ह बनवणं

मिंटची आयएसओ फाइल (जिच्यात इन्स्टॉलची सगळी प्रत असते) सुमारे ३ जीबीची आहे. गावात रेंज तुटक असेल तर शहरात कुणाकडे तरी चांगल्या वायफायवर उतरवून घ्या. उतरवल्यावर तिची शा-२५६ बेरीज (फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा) तपासा. विंडोजमध्ये ७-झिप असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून तिच्या मेनूतून ही बेरीज निघते, ती मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघायची. तुटक डाउनलोडमुळे अर्धवट राहिलेली फाइल इन्स्टॉल करताना ऐन मध्यावर अडकवते. हा दोन मिनिटांचा उद्योग तिथला तासभर वाचवतो.

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाईल. एकच मशीन असेल तर रुफसनं आयएसओ लिहा. संगणक खोलीतली वेगवेगळ्या वयाची मशीन असतील तर व्हेंटॉय वापरा: पेनड्राइव्ह एकदा तयार केला की मिंट, एमएक्स, अँटीएक्स अशा कितीही आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या, चालू करताना यादीतून निवडायचं.

आता मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करायचं. डेल आणि लेनोव्होला चालू होताना एफ१२, एचपीला एस्केप दाबून मग एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप, गिगाबाइटच्या बोर्डला एफ१२. एसरमध्ये एफ१२ चा मेनू आधी बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) चालू करावा लागतो. मेनूत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर मघाशी लिहून घेतलेला मोड बघा, विंडोज यूईएफआयमध्ये असेल तर यूईएफआयवालं नाव निवडा. स्क्रीन काळी पडली तर पुन्हा सुरू करून 'कम्पॅटिबिलिटी मोड' घ्या. जुन्या एनव्हिडिया कार्डांना तो लागतो.

इन्स्टॉल करण्याआधी अर्धा दिवस वापरा

पेनड्राइव्हवरून मिंट डिस्कला न शिवता चालतं. ही परीक्षा मी सगळ्यात महत्त्वाची धरतो. आवाज येतो का, वायफाय सापडतं का, व्हिडिओ अडकतो का हे बघाच. वायफाय दिसलंच नाही तर त्याची चिप बहुधा ब्रॉडकॉमची असते. मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट येईल. मग 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडलं की तो योग्य ड्रायव्हर सुचवतो.

पण खरी परीक्षा टायपिंगची. इथल्या माणसाला एकाच दिवसात पालकांना मराठीत नोटीस काढायची असते, वर कन्नडमध्ये अहवाल द्यायचा असतो आणि बँकेला इंग्रजीत मेल करायचा असतो. एक्सएफसीईमध्ये सेटिंग्जमधून 'कीबोर्ड', त्यात 'लेआउट' (कोणत्या कीवर कोणतं अक्षर ते) उघडा, 'सिस्टीम डिफॉल्ट' वरची खूण काढा आणि 'ॲड' करा. 'इंडियन' नावाखाली लांबलचक यादी येते. तिथून निवड तुमच्या हाताच्या सवयीनुसार करायची:

नुडीवर कन्नड शिकलेल्यांनी 'कन्नड, कागपा फोनेटिक' घ्यावा. कागपा म्हणजे कन्नड गणक परिषदेचा लेआउट. गंमत अशी की त्याच यादीत 'मराठी, कागपा फोनेटिक' पण आहे. म्हणजे नुडीची सवय झालेला मराठी माणूस त्याच बोटांनी देवनागरी टाइप करू शकतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला याचं काय कौतुक असणार, पण निपाणीच्या कारकुनाला विचारा.

इन्स्क्रिप्टची सवय असेल तर 'मराठी, एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट' आणि साधा 'कन्नड' हे दोन घ्या. इन्स्क्रिप्ट भारतीय लिप्यांसाठी एकाच आराखड्यावर बेतलेला आहे. मराठीचा क ज्या कीवर, कन्नडचा कही त्याच कीवर, त आणि र चंही तसंच. मुलांना शिकवायचं असेल तर माझा कौल यालाच, कारण एकदा शिकलं की दोन भाषा हातात येतात. ळ शिफ्ट धरून एन वर आहे. 'दऱ्या', 'वाऱ्या' मधला अर्धा र हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी वरचा हलंत, मग य.

मोबाइलसारखं इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायचं असेल तर इन्स्टॉल झाल्यावर 'आयबस एम१७एन' हे पॅकेज घालावं लागतं. त्यात मराठी आणि कन्नड दोन्हींच्या पद्धती मिळतात.

भाषा बदलण्यासाठी त्याच खिडकीत ऑल्ट-शिफ्टची जोडी नेमून द्या. मग लिबरऑफिस रायटर उघडून खरं पत्र टाइप करा, खेळ नको. 'टूल्स, ऑप्शन्स' मधल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू आहे ना बघा. देवनागरी आणि कन्नडचा फॉन्ट तिथे इंग्रजीहून वेगळा धरला जातो. अक्षर मोठं केलं आणि मराठी तेवढंच राहिलं, ही तक्रार याच्यामुळे येते.

जुन्या फायलींबद्दल स्पष्ट सांगतो. युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखी राहणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर खरं तर इंग्रजी चिन्हांचा ढीग असतो, फॉन्ट त्याला मराठीचं सोंग देतो. काढून ठेवलेले फॉन्ट लिनक्सवर डबल-क्लिक करून बसवले तर पुष्कळदा वाचता येतं आणि छापता येतं. दुरुस्त करायचं म्हटलं की अडतं. इथून पुढे लागणार अशा फायली, जसं की मंडळाची घटना, शाळेच्या दाखल्यांचे नमुने, कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये घ्या आणि रफार, जोडाक्षरं, आकडे डोळ्यांनी तपासा. मूळ फाइल फेकू नका. बाकीच्या तशाच असू द्यात.

प्रिंटर

इथे ब्रँडपेक्षा मॉडेल बघायचं. एचपीचा १०२० हा लेझर प्रिंटर आपल्याकडे घरोघरी आहे. त्याच्या पोटात फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) राहत नाही, चालू केल्यावर दर वेळी संगणकानं ते द्यावं लागतं. मिंटमध्ये एचपीलिप हे एचपीच्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर असतं, पण त्याचं प्लगइन एकदा इंटरनेटवरून उतरवावं लागतं. ते केलं की पुढे त्रास नाही. कॅननचा एलबीपी २९०० मात्र हट्टी. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो, लिनक्सचा ड्रायव्हर आहे पण बसवायला जाणता माणूस लागतो. तुमच्याकडे हाच असेल आणि घरात कुणी जाणतं नसेल, तर तो विंडोजच्या मशीनला ठेवा आणि फाइल पीडीएफ करून न्या.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांनी काळजी करू नये. एप्सनचे आणि एप्सनची नक्कल करणारे प्रिंटर साध्या ड्रायव्हरवर चालतात. अलीकडचे वायफाय प्रिंटर बहुतेक आपोआप सापडतात. स्कॅनरसाठी 'डॉक्युमेंट स्कॅनर' मिंटमध्ये आधीच असतो.

हे सगळं पेनड्राइव्हवरच तपासून झालं आणि एखादी गोष्ट अडली, तर मशीन बंद करा, पेनड्राइव्ह काढा. विंडोज जागच्या जागी आहे.

इन्स्टॉल

डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' उघडा. मेनूची भाषा इंग्रजी ठेवा असं मी सुचवेन, अडचण आली तर मदत इंग्रजी नावांनी लवकर सापडते. कीबोर्ड इंग्लिश यूएस. 'मल्टीमीडिया कोडेक' वर खूण करा. नवी एसएसडी असेल तर 'इरेज डिस्क' निवडायचं, पण त्याआधी डिस्कचा आकार वाचून खात्री करा की तीच आहे. टाइमझोन कोलकाता. नाव, पासवर्ड. झालं.

विंडोज शेजारी ठेवायचंच असेल तर आधी विंडोजमध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून घेऊन तो काढा, आणि 'डिस्क मॅनेजमेंट' मधून किमान ५० जीबी जागा मोकळी करा. मग 'इन्स्टॉल अलाँगसाइड' घ्या. दोन्ही ठेवल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास चुकलेलं दिसू शकतं. दोन्ही सिस्टीम मशीनचं घड्याळ वेगळ्या हिशेबानं वाचतात, विंडोजमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की ठीक होतं.

डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा (डिस्कच्या जोडणीची सेटिंग) बहुधा 'रेड' वर असते. ती 'एएचसीआय' करा. जुनं विंडोज त्याच डिस्कवर ठेवणार असाल तर थांबा, हा बदल केल्यावर ते सुरू होईलच असं नाही.

बायोसमध्ये आहातच तर आणखी एक गोष्ट. 'एसी पॉवर रिकव्हरी' किंवा तशा नावाची सेटिंग 'ऑफ' करा. पावसाळ्यात करंट पाच मिनिटांत तीनदा जाऊन येतो, आणि ही सेटिंग 'ऑन' असेल तर मशीन दर वेळी आपोआप उठतं आणि परत आपटतं. लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टीम (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) अशा झटक्यांना बऱ्यापैकी सावरते, पण अर्धवट टाइप केलेलं पत्र ती परत आणत नाही. लिबरऑफिसमध्ये ऑटोसेव्ह दोन मिनिटांवर आणा, आणि यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली ते आठवा.

पहिल्या दिवशीची कामं

'अपडेट मॅनेजर' चालवा, जवळचा सर्व्हर निवडा, सगळे अपडेट घ्या. 'ड्रायव्हर मॅनेजर' एकदा बघा. फायरवॉल चालू करा. 'टाइमशिफ्ट' लावा: ते सिस्टीमचे फोटो काढून ठेवतं, अपडेटनं काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. तुमच्या फायलींचा बॅकअप मात्र ते घेत नाही, तो वेगळ्या डिस्कवर तुम्हीच घ्यायचा.

लिबरऑफिसमध्ये फाइल जतन करण्याचा नेहमीचा प्रकार वर्डचा डॉकएक्स करून ठेवा, नाहीतर समोरच्या ऑफिसातून फोन येतो. पाठवायची पत्रं पीडीएफ करून पाठवा, कन्नड आणि मराठी दोन्ही अक्षरं तिकडे जशीच्या तशी उघडतात.

शाळेत बसवत असाल तर मुलांसाठी वेगळं खातं काढा आणि त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार देऊ नका. पॅनेलवर चारच चिन्हं ठेवा: ब्राउझर, रायटर, फायली, प्रिंटर. ऑल्ट-शिफ्ट लिहिलेली चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवा. नवे सर येतात ते पहिल्यांदा तेच विचारतात.

तो पेनड्राइव्ह पुसून गाणी भरायला देऊ नका. मशीन कधी सुरूच झालं नाही तर त्यावरून चालू करून फायली बाहेर काढता येतात, आणि त्यावरून चालणाऱ्या मिंटच्या मेनूत 'बूट रिपेअर' असतं. लेबल लावून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला टेपनं चिकटवून ठेवला की ज्या दिवशी लागेल त्या दिवशी शोधावा लागत नाही.